पळपुट्यांचं घोडदळ

मूल गावच्या बसस्टँडमागच्या गल्लीत ‘शहजादी सायबर’ नावाचं दुकान होतं, आणि बोर्डावरचं नाव सोडलं तर त्यात शहजादीचं काही चालत नव्हतं. बोर्ड रंगवायला टाकताना कय्यूमने तिला विचारलंसुद्धा नव्हतं. बोर्ड लागला त्या दिवशी मात्र तो रस्त्यात उभा राहून तिच्याकडे असा बघत होता, की जणू बायकोसाठी ताजमहालच बांधून घेतलाय. तिने मान वर केली, रंगाऱ्याने ‘श’चं पोट जरा जास्तच फुगवलंय एवढं पाहिलं, आणि आत जाऊन ब्लाऊजच्या बाह्या जोडायला बसली.

दुकान आधी तिचंच होतं. लग्न होऊन चांद्याहून, म्हणजे चंद्रपूरहून, मूलला आली तेव्हापासून ती शिवत होती. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतल्या बाया धान्याची पोती बाजूला ठेवून तिच्याकडे माप द्यायला बसायच्या. तेवढ्या वर्षांत कय्यूमने घड्याळदुरुस्ती केली, केबलचा धंदा केला, एका राइस मिलमध्ये ट्रकांवर देखरेख केली. त्याची रीत ठरलेली होती. सुरुवातीला फार मोठ्याने बोलायचं, सगळ्यांना चहा पाजायचा, आणि काम जरा अंगावर आलं की त्या कामाच्या आसपाससुद्धा दिसायचं नाही. केबलची तार तुटली म्हणून लोक दारात आले, की कय्यूमभाई चंद्रपूरला गेलेले असायचे. दारात उभं राहून शिव्या कोण खायचं, तर शहजादी.

दोन हजार तीनच्या सुमाराला चंद्रपुरातला एक कंप्युटर क्लास बंद पडला. तिथले जुने कंप्युटर कय्यूमने उचलून आणले, दुकानाच्या मधोमध पडदा टांगला, उजेडाची पुढची बाजू स्वतःला घेतली आणि शिलाईमशीन मागच्या अंधारात ढकलली.

“इंटरनेटचा जमाना आला,” तो म्हणाला. “तुले नाई समजनार.”

शहजादीला एवढं समजलं, की मूलमध्ये लाइट असली की इंटरनेट नसतं आणि इंटरनेट असलं की लाइट नसते. महिनाभरात गल्लीलाही ते समजलं. मग त्या कंप्युटरांवर एकच गोष्ट चालायला लागली. नागपूरहून आणलेल्या एका सीडीतला लढाईचा गेम. जुन्या काळातल्या राजांचा. एकेकाने एकेक राज्य घ्यायचं, मजुरांकडून लाकडं तोडून घ्यायची, शेती करायची, कोट बांधायचा, फौज उभी करायची आणि दुसऱ्याचं गाव जाळायचं. वायरीने कंप्युटर एकमेकांना जोडलेले, म्हणजे शेजारी बसलेल्याचंच गाव जाळता यायचं. मूलमधले धडधाकट बाप्ये भरदुपारी येऊन तिथे बसायचे. राइस मिलवाल्याचा विक्की होता, बी.ए.ला दोनदा बसून घरी राहिलेला, अंगावर सेंटचा भपकारा. त्याच्यासारखेच आणखी. खऱ्या आयुष्यात यांच्यातल्या एकाने कधी घरचं लाकूड फोडलं असतं तर शहजादीने कात्री हातात धरणं सोडलं असतं.

कय्यूम या सगळ्यांचा उस्ताद. त्याची फौज ठरलेली: घोड्यावर बसून बाण मारणारे. कंप्युटरच्या पडद्यावर त्यांचं इंग्रजी नाव ‘हॉर्स आर्चर’ असं यायचं. गल्लीच्या तोंडात त्याचं ‘हारचर’ झालं. हारचर यायचे, लांबून बाण सोडायचे, आणि समोरचा तलवार घेऊन धावला की घोडे वळवून पसार. तो थांबला की हे परत हजर. समोरचा माणूस रडकुंडीला यायचा. विक्की तर एकदा माऊस आपटून ओरडला होता, “अबे थांब ना एका जागी! मर्दासारखा लढ ना बे!” आणि कय्यूम दात काढून हसला होता.

पडद्यामागून हे सगळं शहजादीला ऐकू यायचं. ती मशीनच्या पायट्यावर पाय जोरात मारायची, म्हणजे ते हसणं जरा कमी ऐकू यायचं.

तिचा बाप चांद्याला टांगा चालवायचा. लहानपणी लीद काढायचं काम तिच्याकडे असल्यामुळे घोडा या जनावराबद्दल तिला काडीचं प्रेम नव्हतं. घोडा चावतो, लाथ मारतो आणि सगळ्यात जास्त खातो. तरी पहिल्यांदा पडद्याआडून वाकून ते कंप्युटरचे घोडे पाहिले तेव्हा तिला त्यांची कीवच आली. ना घाम, ना फेस. चिमटीएवढे घोडे, आणि त्यांच्यावर बसलेले चिमटीएवढे भित्रे.

“हे कोनते शिपाई?” तिने विचारलं.

“हारचर. सगळ्यात डेंजर,” कय्यूम म्हणाला.

“पळूनच राह्यले ना पन.”

“पळून मारते. हेच तर डोकं हाय.”

“हो,” ती म्हणाली, “हे डोकं तर मी लगन झाल्यापासून पाहून राह्यली.”

विक्की खो खो हसला. कय्यूमला त्यात आपली तारीफ ऐकू आली.

गेम ती शिकली ती हौसेने नाही. कय्यूम पानठेल्यावर जाऊन बसला की तासन् तास यायचा नाही, आणि मग पुढून हाका सुरू व्हायच्या, “भाभी, मशीन अटकली!” ती उठायची, बटण दाबून कंप्युटर बंद करायची, परत चालू करायची, पहिल्यापासून गेम लावून द्यायची. असं करता करता कुठलं चित्र दाबलं की काय होतं ते तिच्या बोटांना कळलं. मग एका उन्हाळ्यात, लग्नसराई संपून शिवणही नव्हतं आणि उन्हामुळे गल्लीत चिटपाखरूही नव्हतं, तेव्हा ती पुढे येऊन बसली. तिने भालेवाले घेतले. पायी चालणारे, जाडजूड, सावकाश. भोवती दगडी कोट बांधला, कोटाला एकच दरवाजा ठेवला. कंप्युटर स्वतःच खेळून तिच्यावर फौजा पाठवत राहिला आणि तिच्या भिंतीवर डोकं आपटून मरत राहिला. तिला ते आवडलं. जागा न सोडणारी माणसं तिने घरात फार पाहिली नव्हती.

पावसाळ्यात ती विक्कीला हरवायला लागली. विक्कीला हरवण्यात मोठं काही नव्हतं. विक्कीला झोपही हरवायची. पण गल्लीत बोलबाला झाला. कय्यूमला कोणी म्हटलं, एकदा भाभीसोबत खेळ, तर तो मान उडवून म्हणायचा, “मी बायकायसंगं नाई खेळत.” शहजादीनेही आग्रह केला नाही. ज्याला पळायचंच आहे त्याला कशाला बसवून ठेवायचं?

भैयाजी आला तो त्या दिवाळीनंतर. आरमोरीचा माणूस, पन्नाशीला टेकलेला, एका बियाणं-औषधवाल्याचा फिरता विक्रेता. गळ्यात गमछा, पोट शर्टाच्या बटणांवर रेललेलं, हातात नमुन्यांची फुगलेली बॅग. आरमोरीच्या गाडीला वेळ होता म्हणून सावलीला आत शिरला आणि खेळणाऱ्यांच्या मागे उभा राहिला. मग म्हणाला, “एखादी मशीन खाली हाय का?”

शहजादीने पडद्याच्या फटीतून पाहिलं. घरी बहुतेक नातवंडं असतील, आणि हा इथे चिमटीएवढ्या शिपायांशी खेळणार. तिने मनातल्या मनात त्याला विक्कीच्या शेजारी बसवून टाकलं. त्यातून त्याने घेतली फौज, तीही हारचरांची. आणखी एक पळपुटा, तिने म्हटलं, आणि दोरा तोडला.

भैयाजीने त्या दिवशी कय्यूमला धुतला. दोघांकडेही हारचर. कय्यूमचे नेहमीसारखे एकगठ्ठा आले, बाण मारून एकगठ्ठा पळाले. भैयाजीचे तीन ठिकाणी उभे होते. कय्यूम जिकडे पळेल तिकडे त्याचे कोणीतरी आधीच उभे असायचे. शेवटी कय्यूमचे घोडे पडद्याच्या एका कोपऱ्यात गुरांसारखे दाटले आणि तिथेच संपले. भैयाजीने गमछ्याने तोंड पुसलं, पैसे ठेवले आणि गाडी पकडायला गेला.

“माऊस खराब हाय हा,” कय्यूम म्हणाला. मग म्हणाला, उजेड डोळ्यांवर येत होता. मग म्हणाला, पाहुणा होता, त्याला कशाला हरवायचं. संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर गोष्ट अशी झाली होती, की कय्यूमने आरमोरीवाल्याला दया म्हणून सोडलं.

पुढच्या खेपेला भैयाजी आला तेव्हा पानठेल्यावरच्या कोणीतरी त्याला ही दयेची गोष्ट सांगितली. तो नुसता हसला. पण कय्यूमला जोर चढला. त्याने भर गल्लीत जाहीर केलं, “येत्या इतवारी, दुपारी. सगळ्यायसमोर. मूल वर्सेस आरमोरी. या तुमी भैयाजी, हिंमत असन तं.” विक्कीने एका पुठ्ठ्यावर लाल स्केचपेनने तसं लिहून दारात टांगलं. चहावाल्यालाही सांगून झालं. दोन दिवस कय्यूम छाती काढून फिरला.

शनिवारी तो जेवताना गप्प होता. शहजादीने ते पाहिलं. पाहिलं आणि भाजी वाढली. तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

इतवारी सकाळी कय्यूम अंथरुणात नव्हता. त्याने शेजारच्या पोरीजवळ निरोप ठेवला होता: मॉनिटर आणायला चंद्रपूरला जातो. दुपारी दुकान माणसांनी भरलं. बाहेरही उभे. भैयाजी एस.टी.ने आला, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पैशाने, फडक्यात बांधलेला डबा घेऊन. खुर्चीवर बसला, इकडेतिकडे पाहिलं.

“कय्यूमभाई?”

विक्कीने फोन लावला. बंद. परत लावला. बंद. दाराशी कोणीतरी फिस्सकन हसलं. चहावाला म्हणाला, “उस्ताद तं मॅच सुरू व्हायच्या पहिलेच निकलून गेला!” आणि सगळं दुकान हसलं.

पडद्यामागे शहजादी बसली होती. ते हसणं कय्यूमवर होतं, पण दारात उभं राहून ते खायला नेहमीसारखी तीच उरली होती. बोर्डावर नाव तिचं होतं. तिने सुई उशीत टोचली, पडदा सारला आणि पुढे येऊन कय्यूमच्या खुर्चीवर बसली.

“लावा गेम,” ती म्हणाली.

विक्की म्हणाला, “भाभी, तुमी?”

“तू खेळतं का मंग?”

विक्की मागे सरकला.

भैयाजीने हारचर घेतले. तिने भालेवाले घेतले आणि कोट बांधला. मनात एकच गोष्ट होती: या जातीलाच आज ठेचायचं. समोर भैयाजी बसला होता, पण तिला दिसत होता तो पहाटे चपला हातात घेऊन दार लोटणारा नवरा. हारचर आले, कोटावर बाण मारून गेले. परत आले, गेले. कोटाबाहेर लाकडं तोडणारे तिचे मजूर मेले. ती आतून बघत राहिली. मागे गर्दीत कोणीतरी म्हणालं, “भाभी हलून नाई राहिली बे, मस्त!” त्या ‘मस्त’ने तिचं डोकं जरा फिरलं.

मग भैयाजीचे थोडे हारचर दरवाजासमोर येऊन नुसते उभे राहिले. अर्धमेले, थकलेले. बाणही मारीनात. शहजादीला वाटलं, सापडले. दमले हरामखोर. तिने दरवाजा उघडला आणि सगळे भालेवाले बाहेर काढले. हारचर वळले. ती मागे. हारचर पळता पळता मागे वळून बाण मारत होते, तिचे चार पडले, आठ पडले, पण आता तिला थांबता येईना. एवढ्या वर्षांत एकाला तरी मानगुटीला धरायचं होतं तिला. भालेवाले माळावर लांबवर गेले तेव्हा बाजूच्या जंगलातून भैयाजीचे बाकीचे हारचर निघाले. त्यांतले अर्धे तिच्या भालेवाल्यांभोवती फिरले. अर्धे उघड्या दरवाजातून गावात शिरले.

गाव जळायला लागलं. शहजादीचे कान तापले. तिने पदर सारखा केला.

भैयाजीने विचारलं, “बाई, दरवाजा काऊन उघडला? मले तं आत यायचा रस्ताच नोता.”

“तुमी पळून राह्यले होते म्हनून.”

“मी कुठी पळून राह्यलो होतो? मी तं तुमाले बोलावून राह्यलो होतो.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या तोंडावर चिडवणं नव्हतं. बियाणं दाखवताना बोलतो तसा बोलला होता.

“पुना लावा,” ती म्हणाली.

दुसऱ्यांदाही ती हरली, पण या वेळी तिने बघितलं. भैयाजी घोडे केव्हा वळवतो ते बघितलं. कय्यूम मार बसला की पळायचा. हा मार बसायच्या आधी मागे घ्यायचा, प्रत्येक वेळी ठरलेल्या जागी, आणि कोणालाही मागे टाकून जायचा नाही. लंगडणारे घोडे असले तर बाकीच्यांची चाल त्यांच्यासाठी हळू करायचा. बोटं सतत चालू, कपाळावर घाम. हे पळणं नव्हतं. हे फार कष्टाचं काम होतं, आणि इतके दिवस ती त्याच्यावर थुंकत आली होती, ते तिच्या घरात त्याची भ्रष्ट नक्कल चालायची म्हणून. हारचरांबद्दलचं तिचं मत तिथेच बदललं. कय्यूमबद्दलचं होतं त्याहून खाली गेलं. त्याला धड पळताही येत नव्हतं.

गर्दी पांगली. भैयाजीने डबा सोडला, आतलं भात-वांगं तिच्यापुढे केलं. तिने नको म्हटलं, चहा मागवला.

“एवढं कुठून शिकले तुमी?” तिने विचारलं.

“दिवसभर कास्तकारायच्या दारात जातो. हाकलते. जरा दूर जातो, परत येतो. सवय हाय.” मग थोडं थांबून म्हणाला, “घरी कोनी बोलाले नाई, बाई. मंडळी वारली. आरमोरीत पोराच्या कंप्युटरवर बसायचो, तो बी पुन्याले गेला घेऊन.”

शहजादीला त्याचं पोट आणि आपणच मनाशी धरलेली त्याची नातवंडं आठवली. जी नव्हतीच. तिने चहा त्याच्याकडे सरकवला.

कय्यूम दिवे लागायच्या वेळी आला, रिकाम्या हाताने.

“कोन जिंकलं?”

“भैयाजी.”

“कोन खेळलं त्याच्यासोबत?”

“मी.”

कय्यूम हसायला लागला. कसं झालं ते त्याने खोदून खोदून विचारलं, आणि तिनेही लपवलं नाही. “दरवाजा उघडला? भालेवाले घेऊन हारचरच्या मांगं धावली? अगे, हे तं लहान लेकरू बी करत नाई!”

“हो. मी मूर्खासारखी हरली,” शहजादी म्हणाली. “पन खुर्चीत बसून हरली. मॉनिटर कुठी हाय?”

“दुकान बंद होतं. इतवार ना.”

“इतवार हाय हे तुमालेच ठाव होतं. तुमीच सांगतला होता सगळ्या गावाले.”

त्याने खिसे चाचपले, काहीतरी विसरल्यासारखं केलं आणि पानठेल्याकडे निघाला. शहजादी वाट बघत होती, की आता आपल्याला राग येईल, पूर्वी यायचा तसा. आला नाही. राग यायला त्या जागी कोणी माणूस असावा लागतो.

पण पानठेल्यानेही त्या दिवसापासून त्याला सोडलं नाही. तो लांबून दिसला की ओरडायचे, “आला बे हारचर!” चहावाला म्हणायचा, पोरं म्हणायची, शेवटी शहजादीकडे माप द्यायला येणाऱ्या बायाही हळूच विचारायला लागल्या, हारचरभाऊ कुठी गेले. एक महिना कय्यूमने कळ काढली. मग त्याला नागपूरच्या रईसची आठवण झाली. रईस त्याचा मावसभाऊ, मोमिनपुऱ्यात मोबाइलचं दुकान. “तिथी लई स्कोप हाय,” तो शहजादीला म्हणाला. म्हणाला तेव्हा बॅग भरून झाली होती आणि गाडी स्टँडवर लागली होती. तिने अडवलं नाही. त्याच्या सदऱ्याची कॉलर उलटी वळली होती, तेही सांगितलं नाही.

त्यानंतर तीनेक वर्षं सायबर तिनेच चालवलं. पुढची उजेडाची बाजू मशीनला मिळाली, कंप्युटर मागच्या अंधारात गेले. ज्यांना लढायचं होतं ते तिथे जाऊन लढायचे. भैयाजी आला की ती शिवण बाजूला ठेवायची. त्याने तिला हारचर चालवायला शिकवायचा खूप प्रयत्न केला. तिला जमलं नाही. मागे घ्यायची वेळ आली की तिचा हात माऊसवर आडमुठा व्हायचा, आणि समोर कोणी पळताना दिसलं की दरवाजा उघडाच. “बाई, तुमाले राग लवकर येते,” तो म्हणायचा. “तुमाले येत नाई तेच नवल,” ती म्हणायची. शेकडो वेळा खेळून ती त्याला एकदाही हरवू शकली नाही, आणि विक्कीसारख्यांना हरवण्यात तिला काही वाटेनासं झालं. पुढे भैयाजीच्या मालकाने त्याला सिरोंचाकडचा भाग दिला. मूल वाटेतून सुटलं. एकदा त्याचा फोन आला, तिकडे तेलुगूत बियाणं विकावं लागतं म्हणून हसत होता. नंतर फोनही आला नाही.

लोकांच्या हातात गेम खेळता येणारे मोबाइल आले आणि कंप्युटरवर धूळ बसली. तिने ते भंगारवाल्याला देऊन टाकले आणि शाळांचे गणवेश शिवायचं काम घेतलं. अन्नपूर्णा आणि कमळा नावाच्या दोन बाया हाताखाली आल्या. शहजादीच्या जिभेची धार दोघींनाही ठाऊक होती; दोघीही शिलाई सरळ मारायच्या.

आणि बऱ्याच वर्षांनी एके दिवशी दुपारी कय्यूम परत आला. केस पांढरे, गाल बसलेले, नागपूरची एक पिशवी. रईसने काढलं म्हणाला नाही. नागपूरची हवा मानवत नाही म्हणाला. शहजादीने ताट वाढलं. जेवून झाल्यावर तो दुकानात येऊन उभा राहिला, मोठ्याने म्हणाला, “आता हे कसं वाढवायचं ते मी पाहतो,” आणि अन्नपूर्णा कमळाकडे बघून तोंडात पदर घालून हसली.

शहजादीने त्याच्यापुढे शर्टांचा ढीग टाकला आणि बटणांचा डबा ठेवला.

तो लावत बसला. संध्याकाळी तिने एकेक शर्ट हातात घेतला, अंगठ्याने बटण दाबून पाहिलं आणि ब्लेडने दोरा कापला.

“अगे, हे आत्ताच लावलं ना मी!”

“हो. म्हनूनच काढून राह्यली.”

कय्यूमने दाराकडे पाहिलं. बाहेर पानठेल्यावर आता दुसरीच माणसं होती, त्याला ओळखणारं कोणी नव्हतं. मग त्याने डोळे बारीक केले आणि दोरा सुईच्या नेढ्याशी नेला. दोरा बाजूने गेला. परत नेला, परत बाजूने गेला. कमळा ओवून द्यायला हात पुढे करणार होती. शहजादीने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि पुढचा शर्ट उचलला.